इंजेक्शननंतर मांजर लंगडतंय? पंजा उचलून धरतंय की उलटा टाकतंय, ते आधी बघा

गुहागर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या तीन वर्षांच्या मनीला ताप होता, दोन दिवस तोंडाला काही लावत नव्हती, म्हणून परवा सकाळी उजव्या मागच्या मांडीत इंजेक्शन दिलं. सुई शिरताच ती किंचाळली आणि हातातून उसळली. ताप उतरला, काल संध्याकाळी बांगड्याचे दोन तुकडेही खाल्ले, पण तो पाय काही धड टेकत नाही. घरात कोणी म्हणतं आपोआप जाईल, कोणी म्हणतं सुई हाडाला लागली. सासूबाईंनी हळदीचा लेप काढून ठेवलाय. आणि ताई विचारतात, "दुखणं थांबायला क्रोसिनची पाव गोळी देऊ का? पुढच्या महिन्यात रेबीजची लस आहे, ती आता द्यायची की नको?"

ताई, क्रोसिन देऊ नका. बाकी सगळं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण ही गोष्ट आत्ताच. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल, आणि ते पचवून बाहेर टाकायला लागणारी यकृतातली यंत्रणा मांजरात फार तोकडी असते. 500 च्या गोळीचा चौथा भाग म्हणजे सव्वाशे मिलिग्रॅम, आणि मनीचं वजन असेल तीन किलो. एवढ्यानं तिचा जीव जाऊ शकतो. रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. घरात कोणी आधीच दिली असेल तर लक्षणांची वाट न बघता दवाखाना गाठा आणि गोळी कधी, किती दिली ते सांगा. यावर उतारा आहे, पण तो वेळेत मिळावा लागतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन यांच्याही वाटेला जाऊ नका. दुखण्यावर चोळायची मलमं आणि कापूर घातलेलं तेलही नको. मांजर अंगाला लागलेलं सगळं चाटून काढतं, म्हणजे कातडीवर लावलेलं औषध तासाभरात पोटात जातं. सासूबाईंच्या हळदीनं विषबाधा होणार नाही, पण लेपाखाली सूज दिसत नाही आणि आपल्याला तर तीच बघायची आहे. तेव्हा तोही राहू दे.

आता पाय. तुम्ही लिहिलंय "धड टेकत नाही". यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी मावतात, आणि सगळं उत्तर त्यावर अवलंबून आहे. मनी पाय पोटाशी घेऊन तीन पायांवर चालते का? की पाय खाली येतो, पण पंजा दुमडून त्याची केसाळ वरची बाजू जमिनीला घासते? पहिलं दुखण्याचं लक्षण. दुसरं नस, म्हणजे मज्जातंतू, दुखावल्याचं. दुखत असलं की मांजर पाय जपतं. नस गेली की पाय कुठे पडलाय हेच त्याला कळत नाही, मग ते जपणार काय?

घरी असं करून बघा. फरशीवर नको, पाय घसरतो. पडवीत गोणपाट अंथरा आणि मनीला त्यावर उभी करा. एका हातानं पोटाखाली आधार द्या, पण तिचं वजन चारही पायांवर राहू दे. दुसऱ्या हातानं आधी चांगल्या पायाचा पंजा अलगद पालथा करून वरची बाजू गोणपाटाला टेकवा आणि सोडा. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच ती पंजा सरळ करेल. आता दुखऱ्या पायाचं तसंच करा. तिनं लगेच सरळ केला, मग चिडून गुरगुरली तरी हरकत नाही, मला बरंच वाटेल. पंजा तसाच पालथा राहिला आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही, तर हा मजकूर वाचत बसू नका, आजच डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक खूण असते, पण ती घरी तपासताना चावा बसू शकतो, म्हणून डॉक्टरांनाच करू द्या. मागच्या पंजाला चार बोटं असतात. आतल्या बोटाची जाणीव वेगळ्या नसेतून येते, मांडीच्या पुढच्या बाजूनं उतरणाऱ्या. बाहेरच्या बोटांची जाणीव येते मागून उतरणाऱ्या सायटिक नसेतून. त्यामुळे चिमटा घेऊन तपासताना बाहेरचं बोट तपासायला हवं. आतल्या बोटाला चिमटा घेतला की मांजर पाय आखडून घेतं आणि सगळे "आहे, आहे, जाणीव आहे" म्हणून निश्चिंत होतात. नुसता पाय मागे घेणंही पुरेसं नसतं. मांजरानं मान वळवून बघितलं, ओरडलं, चावायला धावलं, तर ती जाणीव मेंदूपर्यंत पोचली असं समजायचं.

ही सायटिक नस म्हणजे रक्ताची शीर नव्हे. मज्जातंतूंचा जाड दोर म्हणा. कमरेतून निघून ती खुब्याच्या मागच्या खोबणीतून मांडीच्या मागच्या बाजूनं खाली येते आणि गुडघ्याजवळ दोन फाट्यांत वाटली जाते. गाईम्हशींना इंजेक्शन द्यायची सवय असलेला हात मांजराच्या बाबतीतही त्याच मागच्या गुबगुबीत भागाकडे जातो. वासराच्या मांडीत मांस भरपूर, नस खोल. तीन किलोच्या मांजराच्या मांडीत सुई अर्धा इंच गेली तरी नसेपाशी पोचते. सुई नसेत घुसलीच पाहिजे असंही नाही. शेजारी ओतलेलं औषध झोंबरं असेल तर तेवढ्यानंही नस सुजते. एन्रोफ्लॉक्सासिन, ऑक्सिटेट्रासायक्लिन ही उपयोगाची अँटिबायोटिक्स, पण स्नायूत गेली की आग करतात. सुई टोचताच किंचाळी आणि त्याच क्षणी पाय लुळा, हे नसेला थेट लागल्याचं चित्र. किंचाळी झाली, पण नंतर पाय नुसता जपतेय, तर बहुतेक वेळा औषधाची आग आणि स्नायूची दुखापत एवढंच असतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. जनावरांचा डॉक्टर म्हणून नोकरीच्या दुसऱ्या वर्षी हर्णैच्या बाजूला एका मच्छीमार घरातल्या बोक्याला मीच मांडीच्या मागून इंजेक्शन दिलं होतं. सकाळपासून गुरं तपासत होतो, हात गुरांचाच झाला होता. त्यांच्या मोठ्या सुनेनं बोक्याला गोधडीत धरलं होतं, तो ऐन वेळी वळला आणि सुई आत असतानाच पाय झटकला. खाली सोडला तर पंजा दुमडून घसटत चालला, जाळ्यांच्या ढिगापर्यंत. मला त्याच क्षणी कळलं काय झालं ते, आणि मी त्यांना तसं सांगितलं. त्या बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आता काय करायचं ते सांगा, मी करते." आणि त्यांनी केलं. नातवाच्या जुन्या मोज्याचं टोक कापून पंजाला घालायच्या, ओलं झालं की बदलायच्या. दुपारी मासळी निवडून झाली की बोक्याला मांडीवर घेऊन घोटा, गुडघा हळूहळू दुमडायच्या आणि सरळ करायच्या. चौथ्या महिन्यात त्या पंजाचा तळवा पुन्हा जमिनीला लागला. त्यानंतर मांजराच्या मांडीच्या मागच्या बाजूला मी सुई लावलेली नाही.

चार महिने का लागले, तेही समजून घ्या, कारण पालक तिसऱ्या आठवड्यातच आशा सोडतात. नसेला नुसता दाब किंवा सूज आली असेल तर ती काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत जागी होते. पण आतले तंतू तुटले असतील तर ते दुखापतीच्या जागेपासून नव्यानं वाढत खाली यावे लागतात आणि ही वाढ दिवसाला साधारण 1 मिलिमीटर असते. मांडीच्या मध्यापासून पंजा उचलणाऱ्या गुडघ्याखालच्या स्नायूपर्यंत आठ-दहा सेंटिमीटर अंतर धरा, म्हणजे तीन महिने झाले. तोवर दोन गोष्टी बिघडू शकतात आणि दोन्ही आपल्या हातात आहेत. एक म्हणजे पंजाची वरची कातडी. जांभ्याच्या पायरीवर, खळ्यात, रस्त्यावर घासून ती दोन दिवसांत फाटते, हाड उघडं पडतं आणि मग चांगली होऊ घातलेली नस असूनही पाय काढायची वेळ येते. दुसरी म्हणजे सांधे. न हलवलेला घोटा आखडला की नंतर नस येऊन उपयोग नाही.

म्हणून मांजर घरातच ठेवायचं, एका खोलीत, मऊ अंथरुणावर. पंजाला सैल मोजा किंवा डॉक्टरांनी बांधून दिलेली पट्टी. आपल्याकडे पावसाळ्यात सगळंच दमट, आणि ओली पट्टी कोरड्या जखमेहून वाईट. दिवसातून दोनदा उघडून बघा. बोटं सुजलेली, गार किंवा वास येणारी दिसली तर पट्टी घट्ट झालीय किंवा आत चिघळतंय. व्यायाम दिवसातून तीन वेळा, प्रत्येक सांधा दहा-पंधरा वेळा, तिला सहन होईल तेवढाच. औषधाचं डॉक्टर ठरवतील. सूज उतरवायला पहिल्या दिवसांत स्टेरॉइड किंवा मेलोक्सिकॅम यांतलं एकच देतात, दोन्ही एकदम कधीच नाही. मेलोक्सिकॅमची मात्रा मांजराला फार थोडी लागते आणि मांजर पाणी पीत नसेल, उलट्या होत असतील तर मूत्रपिंडं जाऊ शकतात. गुरांच्या बाटलीतून अंदाजानं काढून कोणी देत असेल तर "वजन करून मात्रा काढा" असं म्हणायला संकोचू नका. मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी-12 जीवनसत्त्वाचा एक प्रकार, मीही देतो. अपाय नाही, पण त्यानं नस झपाट्यानं येते असं माझ्या पाहण्यात नाही. मोजा आणि व्यायाम चुकवून नुसत्या त्या औषधावर विसंबू नका. चार-सहा महिन्यांनीही जाणीव आलीच नाही आणि पंजा सारखा फाटत राहिला तर पाय काढावा लागतो. तीन पायांचं मांजर फणसावरही चढतं, हे मी बघितलंय. पण तो निर्णय तिसऱ्या आठवड्यात घ्यायचा नसतो.

ताई, तुमच्या वर्णनावरून मला वाटतं मनीचं दुखणं साधं असावं. ताप उतरलाय, खातेय, पाय "ओढते" असं तुम्ही कुठे म्हटलेलं नाही. तसं असेल तर दोन-तीन दिवसांत रोज थोडा फरक दिसायला हवा. पहिल्या दिवसानंतर कोमट पाण्यात पिळलेलं फडकं पाच मिनिटं धरता येईल, आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघा. तिनं नको म्हटलं तर सोडून द्या, मांजराशी कुस्ती केली की दुखणं वाढतंच. माळ्यावर, कौलांवर चढू देऊ नका. आणि रोज दोन्ही मांड्या एकदम दोन हातांत घेऊन तुलना करा: कुठली गरम, कुठली टणक. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लंगडणं वाढलं, जागा गरम आणि फुगीर झाली, ताप परत आला, तर आत पू धरतोय. त्याला दवाखान्यातच वाट करून द्यावी लागते. मांजराचा ताप हात लावून कळत नाही, थर्मामीटर गुदद्वारातून लावावा लागतो. 100.5 ते 102.5 फॅरनहाइट हे तिचं नेहमीचं तापमान, म्हणजे आपला ताप तिच्यासाठी साधा दिवस असतो.

सुईनंतर लंगडलं म्हणजे सुईनंच लंगडलं असं नसतं, हेही सांगायला हवं. मनीला ताप मुळात कशानं आला होता? बाहेर फिरणाऱ्या मांजरात त्याचं पहिलं कारण दुसऱ्या मांजराचा चावा. सुळ्याचं भोक बारीक, दोन दिवसांत वरून बुजतं, आत पू होतो. ताप येतो, मांजर खाणं सोडतं, मालक दवाखान्यात नेतो, इंजेक्शन होतं आणि दुसऱ्या दिवशी गळू पिकून मांजर लंगडतं. दोष सुईला जातो. पायावरचे केस उलटे फिरवून खपली शोधा, शेपटीच्या बुडाशीही बघा. बंदराजवळच्या मांजरांच्या पंजात मी गळ रुतलेला काढला आहे, मासळीचा काटा तर कितीदा. लहान पिल्लांत कॅलिसी नावाच्या विषाणूमुळे ताप आणि लंगडणं एकत्र येतं, आज हा पाय, उद्या तो. त्याच विषाणूविरुद्धच्या लशीनंतरही क्वचित असं होतं आणि बहुधा दोन-चार दिवसांत निघून जातं.

आपल्या भागात फुरसं या विषारी सापाला विसरून चालत नाही. जांभ्याच्या सड्यावर, चिऱ्यांच्या ढिगात, लाकडांखाली ते असतंच, आणि मांजर सळसळणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर पंजा मारतं. पाय भराभर सुजला, काळानिळा पडला, दाताच्या खुणेतून किंवा सुईच्या भोकातून रक्त पाझरत राहिलं, हिरड्यांतून रक्त दिसलं, तर लंगडण्याचा विचार सोडा. स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवतात. ते गोठलं नाही तर विषबाधा धरून चालायचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांच्या विषावर उतारा म्हणून टोचायची लस एकच आहे. निघण्याआधी फोन करून ती कुठे शिल्लक आहे ते विचारा.

आणि एक, दुर्मीळ, पण चुकवू नये असं. मांजर एकाएकी टाहो फोडतं, एक किंवा दोन्ही मागचे पाय लुळे पडतात, पंजे गार आणि तळवे फिकट किंवा निळसर. हृदयातून सुटलेली रक्ताची गुठळी पायाच्या धमनीत अडकलेली असते. दोन्ही मागचे तळवे तुमच्या तळहातांवर घेऊन ऊब ताडून बघा. एक गार लागला तर एक तासही थांबू नका. तसंच, लस न झालेलं मांजर पाय ओढू लागलं, त्यासोबत लाळ गळतेय, आवाज बदललाय, उगाच अंगावर येतंय, तर त्याला हातानं धरू नका. ते रेबीज असू शकतं. ओरखडा किंवा चावा बसलाच तर साबण आणि वाहत्या पाण्यानं 15 मिनिटं धुवा आणि सरकारी दवाखान्यात लस घ्या.

आता तुमचा लशीचा प्रश्न. मनीची लस चुकवू नका. ताप पूर्ण जाऊन ती नेहमीसारखी खायला लागली की ठरल्या तारखेला द्या. रेबीजची लस कातडीखाली देता येते, मांडीच्या मांसात खोल टोचायची गरज नसते, त्यामुळे परवासारखं व्हायचं फारसं कारण उरत नाही. लशीनंतर एक-दोन दिवस सुस्ती, जागा थोडी दुखरी, वाटाण्याएवढी गाठ, हे होतं. गाठीबाबत एक हिशेब लक्षात ठेवा: तीन महिन्यांनंतरही राहिली, दोन सेंटिमीटरहून मोठी झाली, किंवा लशीनंतर महिना उलटल्यावरही वाढतच राहिली, यांतलं एक जरी झालं तरी तुकडा काढून तपासायला पाठवायचा. मांजरांत सुईच्या जागी क्वचित कर्करोगाची गाठ होते. अमेरिकेत 1991 साली हे पहिल्यांदा लक्षात आलं. प्रमाण हजारो लशींमागे एखादं मानतात. म्हणूनच आता लस मानेवर किंवा दोन खांद्यांच्या मध्ये देण्याऐवजी पायात खाली, गुडघ्याच्या किंवा कोपराच्या खाली द्यायची पद्धत आली. तशी वेळ आलीच तर तिथून गाठ समूळ काढता येते.

परवासारखं पुन्हा अँटिबायोटिक टोचायची वेळ आली तर डॉक्टरांना आधीच सांगा: मागच्या वेळी या मांडीत त्रास झाला, कातडीखाली चालणारं औषध असेल तर तसं द्या, स्नायूतच द्यायचं असेल तर मांडीच्या पुढच्या बाजूला किंवा कमरेच्या मणक्याशेजारी द्या. असं सांगितल्यानं कुणाचा अपमान होत नाही. आमच्यातले बहुतेक जण दिवसभर गोठ्यांतून फिरतात, मांजर आठवड्याला एखादं येतं, आणि पालकानं सांगितलेली अशी गोष्ट उपयोगी पडते. आणि तुम्ही धरणार असाल तर नीट धरा, कारण सुई आत असताना पाय हलला की चांगला हातही चुकतो. जाड टॉवेलात मान सोडून सगळं अंग गुंडाळा, फक्त एक पाय बाहेर. एकानं मान आणि खांदे, दुसऱ्यानं तो पाय गुडघ्याच्या वर. हातात गोळा करून धरलेलं मांजर आणि घाईत भरलेली सुई, या जोडीनं मी सर्वांत जास्त पाय दुखावलेले बघितले आहेत.

आज गोणपाटावर बघा आणि मोबाइलवर मागून, जमिनीच्या उंचीवरून, तिच्या चालण्याची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत काढून तुमच्या डॉक्टरांना पाठवा. सोबत इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीचं किंवा चिठ्ठीचं चित्र. पुढच्या महिन्यातली लस डाव्या मागच्या पायात, गुडघ्याच्या खाली, कातडीखाली घ्या, आणि कार्डावर तारखेसमोर कुठला पाय ते लिहून घ्या.